कोणी न लावलेली रुई

गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींची यादी सावकाश वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. तुळस, जाई, कण्हेर, डाळिंब ही अंगणातली झाडे. अर्जुनसादडा रानातला, तर देवदार थेट हिमालयातला. पण माका, आघाडा, डोरली, धोत्रा आणि रुई यांना ना अंगण आहे ना रान. ही गावाच्या कडेची झाडे. रस्त्याच्या काठाला, पडक्या भिंतीजवळ, रेल्वेच्या रुळांलगत, स्मशानाच्या वाटेवर ती आपली आपण उगवतात. त्यांतही डोळ्यांत भरते ती रुई, कारण तिची पाने हिरवी कमी आणि रुपेरी जास्त असतात, आणि जेठाच्या उन्हात बाकी सगळे करपलेले असताना तिला फुले असतात.

या लेखात आम्ही रुईचा इतिहास सांगणार आहोत, आणि शेवटी ती कशी लावावी तेही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगण्याला कारण आहे. गेली अडीच-तीन हजार वर्षे आपण ही वनस्पती देवाला वाहतो आहोत, औषधात घालतो आहोत, तिच्यापासून दोर वळतो आहोत. पण ती लावण्याची वेळ आपल्यावर फारशी कधी आली नाही. गावाला कडा होती, म्हणून रुई होती. रायसेन रस्त्यावरच्या आपल्या आनंद नगरासारख्या वस्त्यांत आता ही कडाच उरलेली नाही. तेव्हा रुईच्या इतिहासात प्रथमच ती मुद्दाम लावण्याची पाळी आपल्या पिढीवर आली आहे.

नावांचा घोळ

भोपाळात राहणाऱ्या मराठी माणसाला रुई मागताना आधी भाषेची अडचण येते. मराठीत रुई म्हणजे हे झुडूप. हिंदीत रुई म्हणजे कापूस. दुकानदाराला 'रुई चाहिए' म्हटले तर तो वातींचा कापूस पुढे करणार, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. इकडे तिला आक, मदार, अकौआ किंवा आंकडा म्हणतात. संस्कृतात अर्क. पांढऱ्या फुलांची रुई ती मराठीत मांदार किंवा मंदार, संस्कृतात अलर्क किंवा श्वेतार्क.

यात आणखी एक गुंता आहे. स्वर्गातल्या पाच वृक्षांत कल्पवृक्ष, पारिजात, संतान आणि हरिचंदन यांच्या जोडीला मंदारही सांगितला आहे. जुन्या ग्रंथांत काही ठिकाणी मंदार म्हणजे पांगारा, काही ठिकाणी हा स्वर्गातला वृक्ष आणि काही ठिकाणी पांढरी रुई. त्यामुळे 'मंदार' शब्द दिसला की लगेच रुई समजू नये. मागचा-पुढचा संदर्भ पाहावा लागतो.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपल्याकडे रुईच्या दोन जाती आहेत. मोठी रुई म्हणजे कॅलोट्रॉपिस जायगँटिया. ती दहा-बारा फुटांपर्यंत वाढते, फुले जांभळट किंवा पांढरी, आणि पाकळ्या बाहेर पसरलेल्या. दुसरी कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. ती अधिक कोरड्या प्रदेशातली. तिची फुले लहान, पाकळ्या उभ्या आणि टोकाशी गडद जांभळ्या. कॅलोट्रॉपिस हे नाव ग्रीक शब्दांवरून बनले आहे आणि त्याचा अर्थ 'सुंदर नौतळ' असा होतो. फुलाच्या मध्यभागी जो मुकुटासारखा भाग असतो, त्याच्या घडणीवरून ते सुचले.

पान रुपेरी का दिसते, हेही पाहण्यासारखे आहे. कोवळ्या पानावर आणि देठावर पांढऱ्या बारीक लवेचा थर असतो. बोटाने चोळला तर पिठासारखा निघतो आणि खाली हिरवे पान दिसते. हा थर ऊन परतवतो आणि पानातली ओल धरून ठेवतो. जमिनीखाली सोटमूळ खोलवर गेलेले असते. वर रुपेरी पांघरूण आणि खाली लांब मूळ, या दोन गोष्टींवर रुई उन्हाळा काढते. पान मोडले की पांढरा चीक वाहतो. तो विषारी असल्याने गुरे तिला तोंड लावत नाहीत. मोकाट जनावरांच्या गावात ती टिकून राहिली ती यामुळे.

नांगर न लागलेल्या जमिनीचे दान

रुईचा सगळ्यात जुना आणि सविस्तर उल्लेख यज्ञाच्या संदर्भात येतो. अग्निचयनात वेदी रचून झाल्यावर रुद्रासाठी शतरुद्रीय होम करतात. शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे की ही आहुती नेहमीच्या पळीने न देता अर्काच्या पानाने द्यावी. आहुतीचे द्रव्यही नेहमीचे नाही. तिथे जर्तिल, म्हणजे रानतीळ, घ्यायला सांगितले आहेत, आणि त्याचे कारणही दिले आहे. तीळ म्हणून ते गावातले अन्न आहेत, पण न नांगरलेल्या जमिनीत येतात म्हणून ते रानातलेही आहेत. रुद्र हा गावाच्या शिवेवरचा देव. त्याला शिवेवरचेच धान्य, आणि तेही शिवेवर वाढणाऱ्या झाडाच्या पानावर. रुई माणसाने लावलेली नाही, हाच तिथे तिचा अधिकार होता.

पुढे अर्क हे सूर्याचेही नाव असल्याने रुई सूर्याची झाली. नवग्रहांच्या समिधांत सूर्याला अर्क, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला औदुंबर आणि शनीला शमी अशी वाटणी याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. राहू-केतूंच्या वाट्याला दूर्वा आणि दर्भ आले. रथसप्तमीला रुईची सात पाने अंगावर ठेवून स्नान करण्याची चाल दक्षिणेत सर्वत्र आहे, आणि आपल्याकडेही काही घरांत पाळतात. नक्षत्रवृक्षांत श्रवण नक्षत्राचा वृक्ष रुई मानला जातो.

रुईची दुसरी बाजू महाभारताच्या आदिपर्वात येते. आयोद धौम्यांचा शिष्य उपमन्यू याला गुरूंनी गुरे राखायला पाठवले आणि त्याचे खाण्याचे एकेक साधन बंद केले. भिक्षा नाही, दूध नाही, वासरांच्या तोंडचा फेसही नाही. शेवटी भुकेने त्याने अर्काची पाने खाल्ली, आंधळा झाला आणि विहिरीत पडला. अश्विनीकुमारांची स्तुती केल्यावर त्याला दृष्टी परत मिळाली. कथा गुरुभक्तीची म्हणून सांगतात. पण तिच्यात एक अनुभवाचे ज्ञानही आहे. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते आणि दिसणे अंधुक होते, हे आजचे नेत्रवैद्यही सांगतात.

सुश्रुतसंहितेत औषधी वनस्पतींचे गण पाडले आहेत. त्यांत एका गणाचे नावच अर्कादिगण, आणि त्यात अर्क व अलर्क दोघांचीही नोंद आहे. म्हणजे जांभळी रुई आणि पांढरी रुई हा फरक तेव्हाही केला जात होता. पुढच्या रसग्रंथांत अर्काला उपविषांत घातले. औषध आणि विष यांच्यामधली जागा तिला दिली गेली.

विद्वानांच्या बोलण्यातही ती होती. मीमांसकांचा एक जुना न्याय आहे, अर्कमधुन्याय. दारच्या रुईवरच मध मिळत असेल तर डोंगर कशाला चढायचा, असा त्याचा आशय. सोप्या उपायाने काम होत असताना अवघड वाट धरू नये, हे सांगायला तो वापरत. यातून त्या काळच्या वस्तीची कल्पना येते. हाताशी असलेल्या गोष्टीचे उदाहरण द्यायचे, तर शास्त्रकाराला रुई आठवली. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत शकुंतलेला रुईवर गळून पडलेल्या नवमल्लिकेच्या फुलाची उपमा देतो. तिथे रुई म्हणजे रूक्ष आश्रम, आणि फूल म्हणजे अप्सरेची मुलगी. रुई सर्वांच्या माहितीची होती, पण कौतुकाची नव्हती.

माळव्यातला और्व आणि मुळातला गणपती

गणपतीशी रुईचे नाते गणेशपुराणातल्या शमी-मंदार कथेने जोडले. आपल्याला ती जवळची वाटावी असे एक कारण तिच्यातच आहे. कथेतला और्व ऋषी माळव्यातला सांगितला आहे, आणि भोपाळहून पश्चिमेला निघाले की तासाभरात आपण माळव्यात असतो.

और्वाची मुलगी शमी. तिचा विवाह शौनकांचा शिष्य मंदार याच्याशी झाला. वाटेत त्यांना भ्रुशुंडी ऋषी भेटले. गणपतीच्या अखंड ध्यानाने त्यांच्या भुवयांमधून सोंड फुटली होती. दोघा नवपरिणितांना ते पाहून हसू आले. ऋषींनी शाप दिला की ज्यांच्याकडे पशुपक्षीही फिरकणार नाहीत अशी झाडे व्हा. शमीला काटे आले, मंदाराला चीक. और्व आणि शौनक यांनी बारा वर्षे तप केल्यावर गणपती प्रसन्न झाला. भक्ताचा शाप मोडता येत नाही, असे त्याने सांगितले. पण मी मंदाराच्या मुळाशी राहीन आणि शमीपत्र मला प्रिय होईल, असा वर दिला.

ही कथा नीट पाहिली तर ती टाकलेल्या झाडांना जागा देणारी आहे. ज्यांना कोणी शिवत नाही त्यांच्याजवळ देव राहायला गेला. आपल्याकडे रुईचे मंदिर बांधले गेले नाही, ती बागेतही आली नाही. पण भाद्रपदात तिच्यावाचून पूजा पुरी होईना.

घरचे व्यवहार

महाराष्ट्रात शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. का घालतात, याच्या कथा गावोगाव वेगळ्या आहेत. माळ मात्र सगळीकडे सारखी. देवळाबाहेर बसणारी बाई पहाटे गावाबाहेर जाऊन पाने खुडून आणते, असा हा धंदा चालत आला. गुडघा दुखत असेल तर रुईचे पान तेल लावून, तव्यावर शेकून बांधणे, हा घरोघरचा उपाय होता.

एक विचित्र चाल अर्कविवाहाची. दोन बायका गेल्यावर तिसरे लग्न करणाऱ्या पुरुषाचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावत. तिसरी बायको जगत नाही अशी समजूत होती, म्हणून तिसरेपण रुईने घ्यायचे आणि माणसाची मुलगी चौथी व्हायची. मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटिअरांत या चालीची नोंद आहे. संकट अंगावर घ्यायला पुन्हा गावाबाहेरचेच झाड निवडले गेले.

तिचे लाकूड हलके, म्हणून त्याचा कोळसा बंदुकीच्या आणि शोभेच्या दारूत घालत. सालीचा धागा चिवट, म्हणून त्याच्या धनुष्याच्या दोऱ्या, मासेमारीचे दोर आणि जाळी होत. शेंगेतला रेशमी कापूस उशीत भरत.

युरोपीय लोकांनी तिची नोंद लवकर घेतली. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर करवून घेतलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यात रुई 'एरिकू' या मलबारी नावाने आली आहे. या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतले निवेदन पहिल्या खंडात छापले आहे.

पुढे इंग्रजांना दोरखंडांसाठी भारतीय धागे हवे होते. डॉ. रॉबर्ट वाइट यांनी मद्रासकडे वेगवेगळ्या दोऱ्यांची ताकद तपासली. जॉन फोर्ब्ज रॉइल यांच्या १८५५ सालच्या भारतीय धाग्यांवरील पुस्तकात ते आकडे दिले आहेत. काथ्याची दोरी २२४ पौंडांना तुटली, कापसाची ३४६ पौंडांना, तागाची ४०७ पौंडांना, आणि रुईची ५५२ पौंडांना. म्हणजे तपासलेल्या धाग्यांत रुई पहिली आली. तरीही तिचे मळे झाले नाहीत. हिरव्या काडीतून धागा सोडवायला फार वेळ लागे आणि हात चिकाने भरत. १९७० नंतर तेल महागले तेव्हा या चिकापासून इंधन मिळेल का, हेही लोकांनी तपासले. त्यातूनही रुईची शेती उभी राहिली नाही. ती कडेलाच राहिली.

सातासमुद्रापार मात्र वेगळे घडले. थायलंडमध्ये रुईच्या फुलांच्या माळा लग्नात आणि पूजेत वापरतात, कारण तिथे या फुलाचे नाव आणि प्रेम यांना एकच शब्द आहे. हवाई बेटांवर तिला मुकुटफूल म्हणतात. तिथली शेवटची राणी लिलिउओकलानी हिचे ते आवडते फूल होते. या राणीला जानेवारी १८९३ मध्ये पदच्युत करण्यात आले. त्याच वर्षी पुण्यात लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला. हवाईत आजही रुई अंगणात लावतात, हारांसाठी जपतात. आपल्या घरी जिला कोणी लावले नाही, तिला परक्या भूमीत अंगण मिळाले.

भोपाळची कडा

मराठी माणसे भोपाळच्या परिसरात पहिल्यांदा मोठ्या संख्येने आली ती फौजेबरोबर. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी निजामाला भोपाळजवळ कोंडले, आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह होऊन माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क मान्य झाला. पण राहायला येणे वेगळे. ते मुख्यतः १ नोव्हेंबर १९५६ नंतर घडले. नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली. नागपूरची राजधानी उठली आणि तिथल्या कचेऱ्यांतली कुटुंबे इकडे आली. ग्वाल्हेर आणि इंदूरची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या राज्यातली, मराठी घरेही सरकारी नोकऱ्यांमुळे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहत होता. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे राष्ट्रार्पण झाले. कारखान्याबरोबर बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा ही वसाहत आली, आणि तिच्या पूर्वेला रायसेन रस्त्यालगत पुढे आनंद नगर वाढले.

या सगळ्यांनी आपापले गणपती आणले. मूर्ती मिळाली, मोदकांची पिठी दळून झाली, आरतीचे पुस्तक पेटीत होतेच. पत्रीचा प्रश्न मात्र आला नाही. पिपलानीच्या पुढे मोकळी माळरानेच होती. हथाईखेड्याच्या तलावाच्या वाटेवर, शेतांच्या बांधांना, नाल्यांच्या काठांना रुई, आघाडा, धोत्रा सगळे होते. परक्या गावात आलेल्या माणसाला रुई ओळखीची भेटली. भाषा बदलली, पाणी बदलले, पण चतुर्थीच्या पहाटे लागणारे पान तेच होते.

आता त्या बांधांवर घरे आहेत. रस्ता रुंद झाला, बाजूला फरसबंदी झाली, नाल्यांना काँक्रीटच्या भिंती आल्या. उरलेल्या रिकाम्या प्लॉटवर रुई उगवते, पण बांधकाम सुरू झाले की आधी तीच जाते. त्यात वाईट हेतू कोणाचाच नाही. घरे आम्हालाही हवीच होती. मात्र त्यामुळे चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात पत्रीची जुडी विकत घ्यावी लागते. तिच्यात कधी रुई असते, कधी नसते, आणि कधी रुई म्हणून दुसरेच काही पान असते. ज्या मुलांनी झाड पाहिलेलेच नाही, त्यांना फरक कळणार कसा?

दुसरा धोका श्रद्धेतून आला आहे. पांढऱ्या रुईचे मूळ एकवीस वर्षांनी गणपतीच्या आकाराचे होते, अशी समजूत आहे. त्या आकाराच्या मुळ्या चांगल्या किमतीला विकल्या जातात. बहुतेकांवर कोरकाम केलेले असते. पण कोरण्यासाठी का होईना, आधी झाड उपटावे लागते, आणि पांढरी रुई मुळातच कमी. गणेशपुराणातला वर आठवून आम्ही एवढेच म्हणतो की देव मुळाशी राहतो असे मानत असू, तर ते मूळ जमिनीतच राहिले पाहिजे.

नर्सरीत आजकाल रुपेरी पानांची, जांभळ्या फुलांची, कमी पाण्यावर जगणारी परदेशी झुडपे मिळतात. त्यांतले एक टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोचे आहे. हवेत दमटपणा आला की ते फुलते, आणि २००५ मध्ये टेक्सासने त्याला आपले देशी राज्य-झुडूप ठरवले. ते सुंदर आहे. लावायला हरकत नाही. पण रुपेरी पान, वर्षभर फुले आणि उन्हाळ्यात पाण्याची मागणी नाही, हे सगळे ज्यात आहे असे घरचे झुडूप आपल्याकडे आहेच.

रुई कशी लावावी

बियांपासून: एप्रिल-मेमध्ये रुईच्या जोडशेंगा पिकून फुटू लागतात. शेंग तपकिरी होऊन उकलायच्या बेतात असताना तिला दोऱ्याने सैल बांधावे, नाहीतर बिया कापसासह उडून जातात. कापूस काढून ताज्या बिया जूनमध्ये पेराव्यात. ऊब असेल तर एक ते तीन आठवड्यांत उगवतात. सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून शक्यतो कायमच्या जागीच पेरावे. पिशवीत करायचे तर पिशवी उभी, खोल घ्यावी आणि रोप वीतभर झाले की मूळ न हलवता लावावे. मोठी रुई खणून दुसरीकडे नेली तर सहसा जगत नाही.

फांदीपासून: पांढरी रुईच हवी असेल तर फांदी लावणे बरे. भुंगे एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे पांढऱ्या रुईच्या बीपासून पांढरीच फुले येतील याची खात्री नसते. पेन्सिलपेक्षा जाड, जून झालेली, वीतभर फांदी घ्यावी. चीक धुऊन ती सावलीत एक-दोन दिवस सुकू द्यावी. मग वाळू मिसळलेल्या मातीत अर्धी पुरावी. फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाची सुरुवात हा काळ चांगला. माती ओलसर ठेवावी, चिखल होऊ देऊ नये.

जागा: दिवसभर ऊन हवे. सावलीत रुई उंच, लुकडी होते, पानांवरची रुपेरी लव विरळ होते आणि फुले येत नाहीत. काळ्या मातीत मुख्य अडचण पावसाळ्याची. भोपाळचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि काळी माती पाणी धरून ठेवते. रुई दुष्काळाने मरत नाही. साचलेल्या पाण्याने मुळे कुजून मरते. म्हणून मुरूम, वाळू किंवा विटांचे तुकडे मिसळून हातभर उंच ढिगारा करावा आणि त्यावर लावावी. भिंतीपासून आणि पाऊलवाटेपासून पाच-सहा फूट अंतर ठेवावे.

पाणी आणि खत: पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या रुईला पाणी लागत नाही. खत तर नकोच. जास्त खताने नुसती पाने वाढतात. कुंडीत लावायची असेल तर दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल कुंडी घ्यावी, तळाला भोके मोठी ठेवावीत, आणि वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावे.

छाटणी: थंडी ओसरल्यावर फांद्या एक तृतीयांश कमी केल्या तर झुडूप घट्ट होते आणि भाद्रपदापर्यंत ताजी पाने भरपूर मिळतात. छाटताना हातमोजे आणि चष्मा घालावा. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. तोवर डोळ्यांना हात लावू नये. चीक डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागी रुई लावू नये, आणि पोटात घेण्याचे तिचे कोणतेही औषध स्वतःच्या मनाने करू नये.

किडे: पानांखाली पिवळा मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. काळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तर त्यांना राहू द्यावे. त्या प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या आहेत. त्यांना हा चीक पचतो आणि त्याच्या कडवटपणामुळे पक्षी त्यांना टाळतात. काही पाने खाल्ली जातील, पण रुई पुन्हा फुटते. निळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे टोळही येतात. विषारी फवारणी केली तर हे सगळे जातील, आणि शेंगा धरायला लागणारे काळे भुंगेही.

पाने घेताना: फांदी मोडून नेऊ नये. खालची, पूर्ण वाढलेली पाने एकेक करून खुडावीत. शेंडा आणि निदान चार-सहा शेंगा झाडावर राहू द्याव्यात.

रुई घराशी असू नये, अशी समजूत अजून पुष्कळांच्या मनात आहे. ती ओसाड जागेची खूण मानली गेली, म्हणून हा संकोच. ज्यांना तो वाटतो त्यांनी देवळाच्या आवाराचा कोपरा, वसाहतीच्या कुंपणाची आतली बाजू किंवा उद्यानाची कोरडी कडा निवडावी. आपल्या मंडळाच्या सभासदांना आमची सूचना अशी आहे. यंदाच्या विसर्जनानंतर ज्यांच्याकडे ऊन येणारी मोकळी जागा आहे, त्यांनी नावे द्यावीत. येत्या फेब्रुवारीत पांढऱ्या रुईच्या फांद्या लावू, जूनमध्ये जांभळ्या रुईच्या बिया पेरू. बरोबर आघाडा आणि माक्यालाही थोडी जागा ठेवू. ती आपोआप येतील, फक्त उपटायची नाहीत. दोन वर्षांत आनंद नगरच्या पूजेला लागणारी पाने आनंद नगरातच मिळतील. पाने खुडायला मुलांना बरोबर न्यावे, पण खुडणे मोठ्यांनी करावे आणि नाव मुलांना सांगावे: रुई, इकडचे लोक जिला अकौआ म्हणतात ती.

गणपती बाप्पा मोरया!